ओ दिला होता

४ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार,

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुम्हाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून ठेवून दिलात. एकदा तर मी फक्त "मामा, कसे आहात" एवढंच विचारलं होतं. रागावला असाल तर कशावरून ते तरी कळवा. मी माझ्या परीने आठवून पाहिलं. मागच्या सुट्टीत तुमचा बारका स्क्रूड्रायव्हर नेला होता, पण तो मी परत केला आहे.

आता कामाचं. माझं संशोधन ऐकण्यावर चाललंय हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांचे कान ठणठणीत आहेत अशा तरुण माणसांच्या मेंदूत आवाज पोचल्यावर तिथे काय होतं, ते आम्ही मोजतो. वय अठरा ते पंचवीस. कान चांगले आहेत तर तपासायचे कशाला, असं मामी विचारेल. तिला सांगा की चांगला मेंदू आवाजाचं काय करतो हे आधी कळलं, तरच बिघडलेला कुठे बिघडला ते शोधता येतं. तुम्ही नाही का, नवी शिलाई मशीन दुकानात आली की आधी नुसती चालवून तिचा आवाज ऐकून ठेवता?

करायचं एवढंच, की डोक्याला चार तारा चिकटवतो आणि कानात "दा" असा आवाज सोडतो. चार हजार वेळा. माणसाने काही करायचं नाही, आवाज बंद केलेला सिनेमा बघत मुकाट बसायचं. त्याचं लक्ष आहे की नाही याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. आम्ही हाक मारतो आणि त्याचा मेंदू आतल्या आत ओ देतो. तो ओ आम्ही टिपून घेतो.

तीस माणसं हवीत, सव्वीस झाली. खरं तर अठ्ठावीस झाली होती, पण एकजण घोरायला लागला आणि दुसरा पूर्ण वेळ च्युइंगम चघळत होता. त्याच्या जबड्याचा आलेख फार सुंदर आला आहे, मेंदूचा नाही. एप्रिलअखेर तीस भरले नाहीत तर माझं वर्ष गेलं, असं माझ्या गाइड मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. तर तुमच्या चिरंजीवांना दोन दिवस पाठवाल का? केस धुऊन पाठवा, त्यांना काही चोपडू देऊ नका.

तुमची,
टिटवी
(हे नाव तुम्हीच ठेवलंत. आता इथेही पसरलंय.)


१२ फेब्रुवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

रागबिग काही नाही. तू फोनवर पुटपुटतेस. लहानपणी भोकाड पसरलंस की तीन घरं पलीकडचे लोक चौकशीला यायचे, म्हणून तर टिटवी म्हटलं. एवढं शिकून आवाज एवढासा झाला. हल्ली सगळेच पुटपुटतात, गिऱ्हाइकंसुद्धा. तुझी मामी तेवढी उलट. तिचे कान उतारवयात फार हळवे झालेत. टीव्ही जरा लावला की म्हणते कमी करा, शेजाऱ्यांनी आपल्या टीव्हीवर बातम्या ऐकून स्वतःचा विकून टाकलाय. असो, पत्र बरं पडतं. अक्षर मात्र सुधार.

ठोंब्याला पाठवतो. पण त्या बदल्यात माझं एक काम कर.

मला त्याच्या कानाबद्दल तुझ्या संस्थेचा शिक्क्याचा कागद हवा आहे. त्याला ऐकू कमी येतं, असा. थट्टा करत नाही. गेलं वर्षभर मी दुकानात पुढे बसून हाक मारतो आणि मागच्या खोलीतून हा ओ देत नाही. ढिम्म. दहा हाका मारल्यावर समोर येऊन उभा राहतो आणि वर मलाच विचारतो, "काय झालं?"

त्याने केलेले पराक्रम ऐक. गणवेश शिवणाऱ्या बाईंचा माणूस बॉबिन मागायला आला. ठोंब्याने मागून मला आकडा सांगितला, आठ. मी आठ बांधून दिल्या. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या, साठ हव्या होत्या म्हणून त्यांचं अख्खं काम अडलेलं. हा म्हणतो, मी साठच म्हणालो. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एक जड मशीन टेबलावरून उतरवत होतो. हा पलीकडून ओरडला, "ओढा, बाबा, ओढा." मी ओढली. ती माझ्या अंगठ्यावर. मग म्हणतो, मी सोडा म्हणालो होतो. म्हणजे चूक करायची आणि नंतर जबानीही फिरवायची.

आपला धंदा कानाचा आहे. मशीन कुठे दुखते हे तीच सांगते, ऐकणारा हवा. मी चाळीस वर्षं ऐकतोय. हा बाविशीत बहिरा असेल तर त्याच्या हाती दुकान कसं देऊ? शेजारचा बटणवाला मागे लागलाय, दुकान मला द्या म्हणून. भिंत पाडून त्याला बटणं पसरायची आहेत. एक एप्रिलला कागद करू म्हणतो. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही.

मला पोराला नालायक म्हणून काढायचं नाही. तुझा कागद असला तर म्हणता येईल, बाबा रे, तुझा दोष नाही, कानाचा आहे, तू दुसरं काहीतरी कर. बापाने तोंडावर म्हणण्यापेक्षा शिक्क्याने म्हटलेलं बरं. लागतं कमी.

तुझा,
मामा


२ मार्च

ती. मामांना नमस्कार,

चिरंजीव आले, तपासून झाले, परतही निघाले. पत्र त्यांच्या आधी पोचणार नाही, पण त्यांच्याकडून तुम्हाला काही कळेल असंही वाटत नाही.

पहिला तास केसांत गेला. धुऊन पाठवा म्हटलं होतं, पण शहरात जायचं म्हणून पठ्ठ्याने स्टेशनवर उतरल्यावर डोक्याला जेल थापलं. तारा चिकटेनात. मी त्याला बेसिनवर वाकवून दोनदा डोकं धुतलं. आमच्या मॅडम नेमक्या तेव्हाच आल्या आणि काही न विचारता गेल्या.

मग कानांची साधी तपासणी. जाड दाराच्या खोलीत बसवून बारीक बारीक टुक् वाजवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. मामा, माझ्या सव्वीस जणांत असे कान नाहीत. जे टुक् ऐकू येईल अशी आम्हालाच आशा नव्हती, तिथेही याने बटण दाबलं. मला वाटलं उगाच दाबतोय, म्हणून मी आवाज बंद करून नुसती बसले. तर हाही बसून राहिला आणि मग विचारतो, "ताई, थांबलीस का?"

पुढे तारा. "दा" चार हजार वेळा, आधी शांततेत, मग मागे गर्दीचा कलकलाट लावून. कलकलाटात बाकीच्यांच्या मेंदूचा ओ विस्कटतो. याचा जेमतेम हलला. मेंदूकडून आलेली ती लहर स्पीकरवर सोडली तर आवाज ऐकू येतो. जरा घोगरा येतो, पण "दा" स्पष्ट कळतं. तुमच्या मुलाचा मेंदू "दा" म्हणतोय हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

शेवटी एक गंमत करतो. दा दा दा दा म्हणता म्हणता मध्येच "बा" टाकतो. माणूस सिनेमात गुंग असला तरी मेंदूला फरक कळतो आणि आलेख उसळतो. सत्तावीस जणांत सगळ्यात उंच उसळी याची. "बा" ऐकलं की तुमच्या मुलाचा मेंदू ताडकन उभा राहतो.

तेव्हा ऐकू कमी येतं असा कागद मी देऊ शकत नाही. खोटं लिहिलं तर माझंच डोकं मॅडम बेसिनवर धरतील.

तारा काढल्यावर तो तासभर माझ्याशी बोलत बसला. काय बोलला ते तुम्हाला सांगायचं नाही, असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलंय. मी त्याची विचारपूस केली, आता तुमची करते. तीन प्रश्न आहेत, टाळू नका. एक, तुम्ही हाक मारता तेव्हा तुमचे पाय काय करत असतात? दोन, हल्ली मशीनचा आवाज कसा येतो? तीन, साठ आणि सोडासारखा आणखी एखादा घोटाळा झाला असेल तर तो लिहा.

तुमची,
टिटवी


१० मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसली. मला हसू आलं नाही.

म्हणजे याचे कान उत्तम आहेत. गर्दीतसुद्धा ऐकू येतं. म्हणजे माझी हाक याला ऐकू येते आणि तरी हा ओ देत नाही. बहिरा असता तर मी पोटाशी धरला असता. मेंदू ताडकन उभा राहतो म्हणतेस. मेंदू उभा राहून काय करायचाय? बाकीचा कधी उभा राहणार?

बटणवाल्याला मी काल हो म्हणून सांगितलं. एक तारखेला तो कागद घेऊन येतोय.

तुझे प्रश्न. पाय काय करणार? मशीन तपासताना पायडल मारत असतो. हाक मारून हात जोडून थांबायला मी देवळात नाही, हाक मारायची आणि काम चालू ठेवायचं. दोन, हल्लीच्या मशीन मुक्या आहेत. पूर्वी शटल कोरडं पडलं की चीं चीं करून जीव खायच्या, आता कशा गुपचूप चालतात. माल चांगला झाला असेल, दुसरं काय. आणि माझा हात तर इतका बसलाय की वर्षभरात एकही मशीन तक्रार घेऊन परत आलेली नाही. पूर्वी महिन्याला दोन यायच्याच. हे तुझ्या वहीत लिहून ठेव.

तीन. परवा एकजण आला, म्हणाला, दोरा तुटतो. मी दोऱ्याचं टेन्शन सैल करून दिलं, तुटणाऱ्या दोऱ्याला तेच औषध. ठोंब्या मागून येऊन गिऱ्हाइकासमोर म्हणतो, ते सुटतो म्हणतायत, तुटतो नाही. गिऱ्हाईकही भिडेखातर मान हलवायला लागलं. माझ्याच दुकानात मी खोटा पडलो. त्या दिवशी मनाने घेतलं, पुरे झालं.

मामीचं एकच पालुपद आहे, टिटवीला दुकानात बोलवा म्हणून. तुझं तिथे काय काम आहे मला कळत नाही.

तुझा,
मामा


१५ मार्च

ती. मामा,

सही करू नका. हे पत्र उभ्याने लिहितेय, अक्षराबद्दल काही बोलू नका.

तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवली आहेत. साठचं आठ झालं. सोडाचं ओढा झालं. सुटतोचं तुटतो झालं. यातून काय गळलं बघा. स गळला, मामा. तिन्हीतून एकच अक्षर गेलं, आणि ते तुमच्या मुलाच्या तोंडून गेलेलं नाही. मी त्याच्याकडून चांगले पन्नास शब्द म्हणवून घेतलेत, त्याचा स शिट्टीसारखा वाजतो.

आवाज जितका बारीक आणि उंच, तितका तो कानातून आधी जातो. स जातो, शटलचं चीं चीं जातं, फोनवरची टिटवी जाते. जाड आवाज राहतात, म्हणून आपल्याला ऐकू येतंय असंच वाटत राहतं आणि जग पुटपुटायला लागतं. चाळीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात बसलेल्या माणसाचं हे असं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. लाज मला वाटायला हवी. मी कानांचा अभ्यास करते आणि माझा मामा फोन का ठेवतो हे मला त्याच्या रागात शोधावं लागलं.

आता ते दुसरं. तुमच्या मुलाने माझ्याकडून सांगणार नाही म्हणून वदवून घेतलंय. लिहिणार नाही असं काही म्हणवून घेतलेलं नाही, तेव्हा लिहिते.

वर्षभरात एकही मशीन परत का आली नाही, माहीत आहे? दुपारी जेवून तुम्ही आडवे होता तेव्हा तो तुम्ही पास केलेली प्रत्येक मशीन पुन्हा उघडतो. चीं चीं कुठून येतं ते ऐकतो, थेंबभर तेल सोडतो, शटल पुसतो आणि झाकण होतं तसं लावून ठेवतो. त्याचं जेवण साडेतीनला होतं. मामीला विचारा, ती ताट झाकून ठेवते. मी म्हटलं, बाबांना सांगत का नाहीस? तर म्हणाला, "ताई, त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. कानाचं मी बघतो."

आणि ओ. तो म्हणतो, मी प्रत्येक हाकेला ओ देतो. ओ हा जाड आवाज आहे, तो तुम्हाला अजूनही ऐकू यायला हवा. पण तुम्ही हाक मारता आणि लगेच पायडल मारता. त्याचा ओ येतो तोवर तुमच्यासमोर मशीन धडधडत असते. उत्तराची वेळ झाली की तुम्हीच ते बुडवता, आणि मग पोराने उत्तर दिलं नाही म्हणून दुकान बटणवाल्याला देता.

एक प्रयोग करा. हाक मारा, पायडलवरून पाय काढा आणि पाचपर्यंत आकडे मोजा. पाय खरंच काढा. मग हवी तिथे सही करा.

टिटवी


४ एप्रिल

ती. मामांना नमस्कार,

तुमचं उत्तर नाही. मामीला फोन केला तर ती म्हणाली, "ते स्वतःच लिहिणार आहेत, मला बोलायला बंदी आहे," आणि हसली. तिच्या हसण्यावरून मला काही कळत नाही, ती दात दुखतानाही हसते.

सही केली का? एका शब्दात कळवलं तरी चालेल. आमच्याकडे तीस भरले. तिसावी एक नर्तकी मिळाली, ती इतकी स्थिर बसली की जिवंत आहे ना हे मी दोनदा पाहिलं. मॅडम खूश आहेत. मी नाही.

टिटवी


२१ एप्रिल

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पंधरा मार्चचं पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. चार दिवस तुझ्यावर राग होता. चाळीस वर्षं कानावर पोट भरलेल्या माणसाला त्याची भाची पत्राने बहिरा म्हणते, म्हणजे काय? उरलेले चार दिवस कसे गेले ते लिहीत नाही. मी दुपारी आडवा व्हायचो आणि डोळे मिटून घ्यायचो, पण झोपायचो नाही. साडेतीनपर्यंत मागच्या खोलीत झाकणं उघडत आणि लागत असणार. मला काहीच ऐकू आलं नाही. एकदा उठून दाराच्या फटीतून पाहिलं. पोरगं मशीनला कान लावून बसलं होतं, मी लावायचो तसंच. मी परत येऊन पडलो. काय वाटलं म्हणून विचारू नकोस.

तरी प्रयोग केला नाही. पाय काढला आणि ओ आला तर काय, आणि नाही आला तर काय, दोन्हीची भीती वाटत होती.

एक तारखेला बटणवाला कागद घेऊन आला. समोर बसला, पेन काढून दिलं. मी एक मशीन चालवून बघत होतो. म्हटलं, मुलालाही समोर बसवू. मी हाक मारली, "ए ठोंब्या." आणि पाय काढला. बटणवाला काहीतरी बोलायला लागला, त्याला हाताने गप्प केलं. एक मोजला. दोन मोजला. तीन म्हणायच्या आत मागून आलं, "ओ, आंगा बाबा."

सांगा म्हणाला असणार. त्यातला स तू म्हणतेस तसा गायब होता. पण ओ होता, टिटवे. चांगला मोठा होता. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा ओ. चार वेळा मारली. चौथ्यांदा तो पक्कड घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "ओ दिला ना, बाबा."

बटणवाला विचारतो, सही? मी म्हटलं, आता दुकान माझं एकट्याचं नाही, भागीदाराला विचारावं लागेल. तो पेन विसरून गेला. त्याच पेनने हे लिहितोय.

मग मामीने मला हाताला धरून कान तपासायला नेलं. तिथल्या मुलीला म्हटलं, माझी भाची मेंदूचा ओ मोजते, माझाही मोजा. मामी मध्येच म्हणाली, टिटवीच्या प्रयोगाला वय पंचविशीच्या आत लागतं. म्हटलं, मग त्याच्या पुढच्यांचे मेंदू काय नुसते ठेवायला आहेत? तुझ्या मॅडमना हे विचारून ठेव. दोन्ही कानांत यंत्रं बसवली आहेत, दाण्याएवढी. पहिल्या दिवशी दुकानात आलो आणि मशीन सुरू केली तर ती जिवाच्या आकांताने कोकलली. एवढी कोकलतात आणि मी त्यांना मुक्या म्हणत होतो. वर्षभर मी अशा किंचाळणाऱ्या मशीन छाती पुढे काढून पास केल्या. मीच हाका मारून तेल मागवलं.

टीव्हीही ऐकला. शेजारी खरंच सोसत होते.

एक गोष्ट मनात सलत होती, ती त्याला विचारली. म्हटलं, अरे, इतके दिवस ओ देत होतास आणि मला पोचत नव्हता, तर जरा मोठ्याने ओरडायचं नाहीस? तो खाली बघून बॉबिन भरत राहिला. मग म्हणाला, "ओरडून दिला असता तर पुढे बसलेल्या गिऱ्हाइकांना कळलं असतं, बाबा." मी दाराशी जाऊन उगाच कुलूप तपासत उभा राहिलो. भर दुपारी.

पाटी रंगवायला दिली आहे. पूर्वी माझं एकट्याचं नाव होतं, आता दोघांची. रंगवणाऱ्याने विचारलं, मुलाचं नाव काय लिहू? मी ठोंब्या म्हणून गेलो. त्याने तसंच लिहिलं. ते पुसून घ्यायचंय.

आता फोन कर. पुटपुटलीस तर या वेळी चूक तुझी. आणि पत्रही टाकत जा, सवय झालीय.

पायडलचं म्हणशील तर मी शिकलोय. हाक मारतो, पाय काढतो, थांबतो. कधीकधी काम काहीच नसतं. तरी मारतो. तो वैतागतो, पण ओ देतो.

तुझा,
मामा